पुढून दोन इंच खाली

३ मार्च, सोमवार

साहेब म्हणाले, राग आला की वहीत लिहून काढत जा. मला राग येत नाही. त्यामुळे या वहीत काय लिहायचं हा प्रश्नच आहे. पण वही आणली आहे, तर वापरू.

घटना अशी. मी गोडाऊनमध्ये पॅकिंग सुपरवायझर. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, तिथेच लोडिंगला. (मीच चिकटवला.) शनिवारी त्याने काचसामानाची खोकी खाली आणि लोखंडी सामानाची वर रचली. मी त्याला शांतपणे समजावत होतो. समजावताना माझ्या हातात टेप लावायचं मशीन होतं. ते सुटलं, मेहुण्याच्या डोक्यावरून गेलं आणि साहेबांच्या केबिनची काच फुटली. काच कच्ची होती. साहेब म्हणतात, हातातून सुटलेली वस्तू पायाशी पडते, अख्खं गोडाऊन ओलांडून जात नाही. साहेबांचं फिजिक्स मला पटलेलं नाही.

महिनाभर सस्पेंड. अठ्ठावीस तारखेला चौकशी. तिथे मेहुण्याची साक्ष, आणि घरच्यांचंही म्हणणं ऐकणार, म्हणजे बायकोचं. साहेब म्हणाले, माणूस घरी कसा आहे तेही कळू दे. कळू दे की. कर नाही त्याला डर कशाला?

निघताना गेटवर वॉचमनने आडवा दांडा उचलायला उशीर लावला. मोटरसायकल गेटवर आदळली. पुढचे दोन्ही शॉकअप वाकले. गेट मध्ये आलं.

४ मार्च, मंगळवार

मेहुणा आला. पोत्यात गुंडाळून शॉकअप घेऊन आला. त्याच्या स्पोर्ट्स बाइकला मागून टेम्पोने ठोकलं होतं. मागचा भाग भंगारात गेला, पुढचा नव्यासारखा राहिला. म्हणाला, दाजी, घ्या, नुसते पडून आहेत. ज्याच्या डोक्यावरून मशीन गेलं तोच माणूस भेट घेऊन येतो! याचा अर्थ उघड आहे. चूक त्याची होती हे त्याला पटलं.

बायको म्हणाली की मेकॅनिककडे द्या. मी म्हटलं, अजिबात नाही. महिना मोकळा आहे. स्वतःच्या हाताने बसवणार. अठ्ठावीसला हिला मागे बसवून ऐटीत गोडाऊनमध्ये शिरणार. ज्या हातांनी गाडी उभी केली ते हात कोणावर मशीन फेकतील का, असं साहेबांना विचारणार. हे वाक्य पाठ करून ठेवलं.

संकल्प : (एक) रोज शांत राहणे. (दोन) शांत असल्याचं दिसणे.

मेहुण्याला एक विनोद सांगितला. साहेबांनी मला सस्पेंड केलं, मी सस्पेन्शन बदलतोय. हसला नाही. पुन्हा सांगितला. मग हसला. हसण्याची सक्ती नव्हती. कॉलर मी फक्त त्याचं लक्ष जावं म्हणून धरली होती.

६ मार्च, गुरुवार

जुने शॉकअप काढायला घेतले. शॉकअपच्या नळ्या ज्या जाड पट्ट्यांमध्ये आवळलेल्या असतात त्यांना 'टी' म्हणतात. टीचा एक बोल्ट हलेना. आधी गोडीने घेतलं. तेल सोडलं. वाट पाहिली. फुंकर घातली. मग हातोडी घेतली. एक घाव बोल्टवर, एक फरशीवर, एक अंगठ्यावर. अंगठ्यावरचा बरोबर मध्यभागी बसला.

त्यानंतर मी हातोडी भिंतीवर ठेवली. भिंतीत ठेवली गेली. प्लास्टर जुनं आहे.

बायकोने स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. धुळीमुळे असेल.

८ मार्च, शनिवार. दुपार

बसले! नवे शॉकअप बसले. माणसाने मनात आणलं तर काय होत नाही?

मेहुणा आला. गाडीभोवती एक चक्कर मारली. म्हणाला, दाजी, हे शॉकअप तुमच्या जुन्यांपेक्षा दोन इंचांनी आखूड आहेत. गाडी पुढून बसली.

गाडी पुढून बसलेली नाही. गाडी झेप घेण्याच्या तयारीत आहे. त्याला रेसिंग लुक म्हणतात. मेहुणा म्हणाला, लुक ठीक आहे, पण हँडल हलकं होईल, वेगात थरथरेल. मी म्हटलं, तू खोकी रच.

संध्याकाळ

ट्रायल घेतली. पहिल्याच वळणावर ब्रेक लावला. गाडी थांबली. मी थांबलो नाही. सीटवरून घसरत टाकीपर्यंत गेलो. पुढचं लिहिण्यासारखं नाही. टाकीला पोचा पडला नाही, एवढंच.

मग बायकोला मागे बसवलं. ती म्हणाली, घसरगुंडीवर बसल्यासारखं वाटतं, सगळा भार तुमच्यावर येतोय. मी म्हटलं, लग्नापासून माझ्यावरच आहे. कोपऱ्यावर ती उतरली आणि चालत घरी गेली. तिला चालायची आवड आहे.

९ मार्च, रविवार

नवी अडचण. पुढून गाडी खाली आली, पण साइड स्टँड पूर्वीएवढाच लांब. त्यामुळे स्टँडवर लावली की गाडी कलत नाही. कवायतीत उभी असल्यासारखी ताठ राहते. मला ताठपणा आवडतो. वाऱ्याला आवडला नसावा. गाडी उजवीकडे कोसळली. उजवीकडे खालच्या काकांची स्कूटर होती.

खालचे काका रिटायर आहेत आणि दिवसभर स्कूटर पुसतात. त्यांनी पुसायचा ओला फडका थेट माझ्या तोंडावर मारला. मी उलट काही केलं नाही. त्यांच्या वयाकडे पाहिलं. स्कूटरच्या वयाकडे पाहिलं नाही. तिचा आरसा जरा पिरगळला, तर हातातच आला. मग काकांनी माझ्या नव्या शॉकअपला लाथ घातली. त्यांच्या पायात चप्पल होती, शॉकअप लोखंडी होता. ते एका पायावर नाचत ओरडायला लागले. बाल्कन्या भरल्या.

बायकोने खाली येऊन काकांची माफी मागितली. कोणाच्या वतीने, ते कळलं नाही.

११ मार्च, मंगळवार

मेहुणा म्हणतो, नळ्या टीमधून थोड्या खाली सरकवता येतात, म्हणजे गाडी पुढून उचलली जाते. पण थोड्याच. अर्धा इंच फार तर. त्याहून जास्त केलं तर टीला पकडायला नळीच उरत नाही. हे त्याने तीनदा सांगितलं. मी ऐकून घेतलं. म्हणजे कानावर पडू दिलं.

तो गेल्यावर दोन्ही नळ्या पूर्ण दीड इंच खाली घेतल्या. एक अडली होती. तिला हातोडीने समजावलं.

१२ मार्च, बुधवार

सकाळी मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवली. आधी हँडल किंचित थरथरलं. मी घट्ट धरलं. जास्त थरथरलं. अजून घट्ट धरलं. मग हँडल मला धरून हलवायला लागलं. दात दातांवर आपटत होते. रस्त्याची एक बाजू दिसायची, मग दुसरी. शेवटी वेल्डिंगच्या दुकानाबाहेर रचलेल्या खिडक्यांच्या ग्रिल्समध्ये शिरलो. आवाज बराच झाला.

कोपर सोलवटलं. गुडघा सुजला. टीमधून एक नळी निसटून खाली आली होती. मेहुण्याला हे सांगायची गरज नाही.

वेल्डर बाहेर स्टुलावर बसून चहा पीत होता. तो हसला. नुसता हसला असता तर चाललं असतं. तो म्हणाला, एखादी पसंत पडली का? मी स्टूल लाथेने उडवलं. स्टुलावर वेल्डर होता.

नंतर त्याने मला मानगुटीला धरून ग्रिलवर दाबलं. चौकोनाची नक्षी गालावर अजून आहे. बायकोने विचारलं तेव्हा म्हटलं, झोपेत उशीची उमटली. ती म्हणाली, आपल्या उशीला गज नाहीत.

१४ मार्च, शुक्रवार

आज चहा पिताना डोक्यात प्रकाश पडला. सगळे मूर्ख पुढचा भाग उचलायला बघतात. मी मागचा भाग खाली आणणार! पुढून दोन इंच खाली, मागून दोन इंच खाली. म्हणजे लेव्हल. इतकं सोपं कोणाला कसं सुचलं नाही?

मागचे आखूड शॉकअप आणले. पुढच्या नळ्या पुन्हा मूळ जागी घेतल्या. (स्वतःहून. कोणी सांगितलं म्हणून नाही.)

१६ मार्च, रविवार

गाडी लेव्हल आहे. गाडी इतकी लेव्हल आहे की पहिल्याच स्पीडब्रेकरवर पोट टेकून बसली. मागे बसवाला होता. त्याने हॉर्न वाजवला. मी खाली उतरून त्याला शांतपणे समजावलं. वायपर त्यानंतर तुटला.

परत येताना सायलेन्सर फरफटत होता. ठिणग्या उडत होत्या. गल्लीतली लहान मुलं टाळ्या वाजवत होती. मी हात हलवून स्वीकार केला.

स्टँडचा प्रश्न वाढला. गाडी आणखी खाली आल्याने आता ती स्टँडवर उभीच राहत नाही. हात सोडला की उजवीकडे जाते. ग्राइंडर घेतला आणि स्टँड कापला. थोडासाच. मग पुन्हा थोडासा. मग रागाने नाही, पण एकदाचा भरपूर. आता गाडी डावीकडे जाते.

करायला गेलो एक आणि झालं एक. गाडीला लाथ घातली. एकच घालणार होतो. इंडिकेटर, साइड पॅनेल आणि हेडलाइटची काच. शेवटी बायको मध्ये येऊन उभी राहिली. गाडी आणि मी यांच्या मध्ये. पाय वेळेवर थांबला. हे नोंदवून ठेवतो. पाय थांबला.

१७ मार्च, सोमवार

बायकोने विचारलं, स्टँड अजून कापला तर परत लांब होईल का? साधा प्रश्न होता. चेहराही साधा होता. म्हणूनच झोंबला. माझ्या हातातला कप खिडकीतून बाहेर गेला. खिडकी उघडी होती. मी बेफाम असतो तर बंद खिडकीतून गेला असता. तिला हा फरक समजावून सांगितला. तिने खाली जाऊन तुकडे वेचले, वर येऊन हात धुतले आणि भात लावला.

घरात शांतता आहे. संकल्पाचा परिणाम.

१८ मार्च, मंगळवार

मेहुणा सुट्टी काढून आला. मोजायचा टेप, सुतळी आणि लाकडी पट्टी घेऊन आला. पुढच्या चाकाच्या दांडीपासून टीपर्यंत मोजलं, मागून मोजलं, स्टँड मोजला. मग माझ्या शेजारी उकिडवा बसला. म्हणाला, दाजी, मागचे जुनेच शॉकअप परत लावा. पुढच्या नळ्यांच्या टोकांना लेथवर दोन इंचांचे जोड करून घेऊ, चांगल्या पोलादाचे, आट्यांचे. स्टँडला कापलेला तुकडा परत वेल्ड करू. गाडी होती तशी होईल. दोन दिवसांचं काम आहे. मी करून देतो.

मी करून देतो! गाडी माझी, महिना माझा, अंगठा माझा. आणि हा खोकी रचणारा करून देणार. तरी मी गप्प होतो. मग तो म्हणाला, तुम्ही नुसते बसा.

पाना तेलकट होता. तेलकट पाना कुठेही जाऊ शकतो. मेहुण्याच्या भुवईवर गेला.

रक्त डोक्याचं असलं की उगाच जास्त येतं. हे सगळ्यांना माहीत आहे. बायको धावत आली. स्वतःच्या ओढणीने भुवई दाबून धरली. दोघं दवाखान्यात गेली. मी मागून पायी गेलो. गाडी उभी राहत नव्हती म्हणून.

टाके घालताना डॉक्टरने विचारलं, काय लागलं? मी उत्तर तयार करत होतो. तेवढ्यात मेहुणाच म्हणाला, शटर. गोडाऊनचं शटर अर्धवट उघडं होतं. बायको त्याचा हात धरून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बराच वेळ भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत होती.

मेहुणा गुणी आहे. अठ्ठावीसला चांगली साक्ष देईल.

२० मार्च, गुरुवार

बायको कामसू झाली आहे. मी खोलीत आलो की तिला दुसऱ्या खोलीतलं काम आठवतं. मी तिकडे गेलो की इकडचं आठवतं.

हातोडी सापडत नव्हती. पिठाच्या डब्यात सापडली. घरात वस्तू जागच्या जागी ठेवायची कोणाला सवय नाही. यावर मी आवाज चढवला नाही. फक्त डबा उपडा केला.

२३ मार्च, रविवार

बायकोला चौकशीची तयारी करून दिली. तिने विचारलं, मी काय सांगू? म्हटलं, खरं सांगायचं. आणि खरं काय ते सांगितलं. मी शिस्तीचा आहे. वस्तू सुटतात. आवाज जन्मतः मोठा आहे. ती कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती. एकदाही अडवलं नाही. नवऱ्याची बाजू कळलेली बाई अशी असते.

घड्या फक्त तिच्याच कपड्यांच्या होत्या. माझ्या उद्या घालणार असेल.

२६ मार्च, बुधवार

वेल्डरकडे स्टँड घेऊन गेलो. त्याने लांबूनच पाहिलं आणि वेल्डिंगचा मुखवटा चढवून आत गेला. काम नाकारायची ही पद्धत नाही. यापुढे स्टँडखाली वीट ठेवणार. वीट बॅगेत घेऊन हिंडणार. लोक छत्री घेऊन हिंडतातच की.

मेहुण्याने निरोप पाठवला, दाजी, या गाडीने येऊ नका, मी ताईला आणि तुम्हाला न्यायला येतो. मी उलट निरोप दिला. निरोप इथे लिहीत नाही.

२८ मार्च, शुक्रवार. सकाळ

इस्त्रीचा शर्ट. नवा रुमाल. वाक्य पाठ आहे. बायको म्हणाली, मी भावाबरोबर जाते. म्हटलं, जा. तुम्ही पोहोचायच्या आत मी तिथे उभा असेन. शांत.

२८ मार्च. दुपार. डाव्या हाताने लिहितो आहे.

अर्ध्या रस्त्यापर्यंत सगळं सुरळीत होतं. सिग्नलला मागून एका डिलिव्हरी व्हॅनने हॉर्न दिला. दिवा लाल असताना! मी मागे वळून पाहिलं. त्याने पुन्हा दिला. मी आज कोणावरही चिडणार नव्हतो. म्हणून फक्त उतरून गेलो आणि त्याच्या दारावर एक लाथ दिली. उतरताना स्टँडखाली वीट ठेवायची राहिली. गाडी मागे आडवी झाली. तो काच खाली करून म्हणाला, अहो, तुमचा टेललाइट लोंबतोय, तेच सांगत होतो.

असं असेल तर तोंडाने सांगावं. मी गाडी उचलली. तेवढ्यात दिवा हिरवा झाला आणि तो निघून गेला. मला त्याला एवढंच समजावून सांगायचं होतं की हॉर्न आणि तोंड यांत फरक आहे. म्हणून पाठलाग केला. वेग वाढला. पुलाच्या उताराला हँडल थरथरायला लागलं. मग ते माझ्या हातात राहिलं नाही. मी कठड्याला उजव्या खांद्याने लागलो आणि बराच घासत गेलो. मोटरसायकल माझ्याआधी थांबली.

वेळेवर पोहोचलो, हे महत्त्वाचं. लंगडत, पण वेळेवर. पँट गुडघ्यावर फाटलेली. शर्टाला बाही एकच. कपाळावरून काहीतरी वाहत होतं. हातात हँडलचा रबरी ग्रिप होता, तो कधी आला कळलं नाही. खोलीत साहेब, आणखी दोन मोठे साहेब, मेहुणा आणि बायको. सगळे उभे राहिले. मी म्हटलं, बसा, बसा. मी अगदी शांतच आलोय.

पाठ केलेलं वाक्य म्हणालो. ज्या हातांनी गाडी उभी केली ते हात. पुढचं आठवलं नाही. उजवा हात वर होत नव्हता.

आधी मेहुणा. म्हणाला, मशीन दाजींच्या हातातून निसटलं, चूक माझीच होती, खोकी मी उलटी रचली होती. साहेबांनी त्याच्या भुवईकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? म्हणाला, शटर.

मग बायको. ती आधी भावाच्या टाक्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, शटर नव्हतं. पाना होता. मी खिडकीतून पाहिलं. मेहुणा हळूच म्हणाला, ताई, राहू दे. ती म्हणाली, नाही राहू द्यायचं. किती दिवस आपण दोघांनीच राहू द्यायचं?

मोठ्या साहेबांनी विचारलं, घरी अंगावर हात टाकतात का? ती म्हणाली, नाही. भिंतीवर टाकतात. गाडीवर टाकतात. कपांवर, डब्यांवर. माझ्यावर नाही. अजून नाही. पण स्वयंपाक करताना मी दाराकडे पाठ करून उभी राहत नाही.

'अजून' या शब्दाची काही गरज नव्हती. तेच मला सांगायचं होतं. मी टेबलावर हात ठेवला. डावा. जोरात ठेवला गेला. पाण्याचे ग्लास उलटले. सगळ्या खुर्च्या एकदम मागे सरकल्या, आणि बायकोने दाराकडे पाहिलं. पटकन, सवयीने. तिने पाहिलं म्हणून मीही पाहिलं. दारात कोणी नव्हतं. नुसतं दार होतं.

संध्याकाळ

खांद्याचं हाड सरकलं आहे. मनगट प्लास्टरमध्ये. दवाखान्यात मेहुण्याने नेलं. फॉर्मवर काय झालं ते लिहायचं होतं. त्याने पेन माझ्या पुढे केलं आणि म्हणाला, दाजी, या वेळी तुम्हीच लिहा.

३१ मार्च, सोमवार

कामावरून कमी केलं. साहेबांनी स्वतः फोन केला. आवाज मऊ होता. मी फोन आपटला नाही. ठेवला. मग उचलून पुन्हा नीट ठेवला.

बायको भावाकडे राहायला गेली आहे. चार दिवसांसाठी, असं मी खालच्या काकांना सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं.

संकल्प : गाडी नीट करायची. गाडी नीट झाली की बाकीचं बसून बोलता येईल. तिच्या सगळ्या तक्रारी गाडीपासूनच सुरू झाल्या आहेत.

६ एप्रिल, रविवार

झालं. लेथवाल्या टर्नरने पोलादाचे दोन इंचांचे जोड करून दिले. मागचे जुने शॉकअप परत लावले. नवा स्टँड आणला. एका हाताने काम केल्यामुळे वेळ लागला, पण एकही वस्तू फेकली नाही. घरात कोणी नसलं की फेकणं जमत नाही, असं लक्षात आलं. एकदा पाना उचलला होता. कुठे फेकावा ते कळेना. खाली ठेवला.

मोजलं. पुढून बरोबर, मागून बरोबर. स्टँडवर जेवढी कलायला हवी तेवढीच कलते. डॉक्टर गाडी चालवायला नको म्हणाले आहेत, पण प्लास्टरमधून बोटं बाहेर आहेत. रिकाम्या रस्त्यावर वेगात नेली. हँडल हललं नाही. मुद्दाम खड्ड्यातून नेली. तरी नाही. मी कोणालाच ओव्हरटेक केलं नाही. दोघांनी हॉर्न दिला, दोघांना जाऊ दिलं.

तसाच मेहुण्याकडे गेलो. बेल वाजवली. एकदाच. मेहुण्याने दार उघडलं, पण दारातच उभा राहिला. टाके काढले आहेत, भुवईत एक पांढरी रेघ राहिली आहे. त्याने पायरीवरूनच गाडीकडे पाहिलं. म्हणाला, छान झाली, दाजी. लेव्हलमध्ये आहे. मी विचारलं, ती आहे? म्हणाला, आहे. म्हटलं, तिला सांग, मागची सीट आता घसरत नाही. तो आत गेला. बाहेर आला. म्हणाला, ताई म्हणते, ऐकलं.

मी थांबलो. ऐकलं म्हणजे येते, की येत नाही, एवढं विचारायचं होतं. पण त्याचा हात दाराच्या मागे कडीवर होता. मला तो दिसत नव्हता, खांद्यावरून कळत होतं. मी पायरी उतरलो तसं दार लागलं. कडी त्याने अगदी हळू घातली. आवाज होऊ नये म्हणून. मला ऐकू आला.

मी चिडलो नाही. गाडी चालू करून निघालो. चौकापर्यंत आलो तर हँडल पुन्हा थरथरायला लागलं. हळू चाललो होतो तरी. बाजूला घेतली. नीट स्टँडवर लावली. दोन्ही जोड बघितले, टीचे बोल्ट एकेक करून पान्याने तपासले, चाक उचलून फिरवून पाहिलं. सगळं घट्ट होतं.

थरथर गाडीची नव्हती.